आठ स्पोर्ट्स गाड्या, नाशिक ते सापुतारा: पहिली ग्रुप ड्राइव्ह कशी आखावी

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकचे आठ मित्र, आठ गाड्या. एक मस्टँग, एक पोर्श केमन, एक झेड फोर, दोन कूपर एस, एक ऑक्टाव्हिया आरएस आणि दोन पोलो जीटी. दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारी पहिल्यांदाच सगळे मिळून निघणार. निम्म्यांना सापुतारा हवंय, निम्म्यांना समृद्धी महामार्ग, कारण तिथे ‘गाडी मोकळी सोडता येते’. तिघांबरोबर घरची मंडळी आहेत. रस्ता कोणता घ्यावा, पुढे कोणी राहावं, वेगवेगळ्या ताकदीच्या गाड्या एकत्र कशा न्याव्यात आणि खाली टेकणाऱ्या गाड्यांचं गतिरोधकांवर काय करावं, असं विचारलंय.

आधी निर्णय सांगतो, मग कारणं. सापुताऱ्याला जा. दिंडोरी-वणीमार्गे जा आणि त्याच रस्त्याने परत या. आठ गाड्या एका रांगेत नेऊ नका, चार-चारच्या दोन तुकड्या करा. आणि निघण्याआधी प्रत्येकाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवा: रस्त्यावर कोणीही कोणाला गाठायचं नाही.

नाशिकहून असे ग्रुप मी बरीच वर्षं बाहेर नेतोय. लोकांना वाटतं धोका सगळ्यात ताकदवान गाडीचा. माझा अनुभव वेगळा आहे. मस्टँगवाल्याला आपल्या हाताखाली काय आहे याची जाणीव असते, तो बहुधा जपूनच चालवतो. खरी काळजी असते ती मधल्या गाड्यांची. पुढची गाडी वळणाआड गेलेली असते, चालवणाऱ्याला वाटतं आपण मागे राहिलो, आणि तो रोजच्या सवयीपेक्षा दहा-पंधरा किलोमीटर जास्त वेगाने त्या वळणात शिरतो. एकटा असता तर त्याने हे केलं नसतं. म्हणून आखणी करताना माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो: मागे पडायची भीती कोणालाच वाटू नये. पुढे जे जे लिहिलंय ते त्यासाठीच आहे.

ही भीती निर्माण कशी होते ते आकड्यांतून बघा, कारण एकदा ते कळलं की निम्मं काम होतं. समजा आठ गाड्या एकमेकींमागे तीन-तीन सेकंदांचं अंतर ठेवून चालल्यात. पहिली आणि शेवटची यांच्यात एकवीस सेकंद. गावातून ताशी ३०ने जाताना हे एकवीस सेकंद म्हणजे साधारण १७५ मीटर, शेवटच्याला पहिली गाडी समोर दिसते. गाव संपलं, पुढच्याने वेग ८०वर नेला. शेवटचा मात्र अजून शाळेसमोरच्या गतिरोधकावर आहे. सगळे ८०ला आले की तेच एकवीस सेकंद ४६५ मीटरच्या पुढे जातात. वेळेचं अंतर तेवढंच आहे, कोणीही कोणाला टाकून गेलेलं नाही. पण डोळ्यांना दिसतं ते मीटरमधलं अंतर, आणि पाय जातो अॅक्सिलरेटरवर. त्यात मध्ये एखादी एसटी किंवा ऊस भरलेला ट्रॅक्टर आला की शेवटच्या गाडीला पुन्हा रांगेत यायला १००-११०ने पळावं लागतं, तेही वणीच्या दुपदरी रस्त्यावर.

याला उपाय दोन. पहिला म्हणजे चार-चारच्या तुकड्या. दोन तुकड्यांमध्ये पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा, म्हणजे दुसऱ्या तुकडीला पहिली दिसणारच नाही आणि तिला गाठायचा मोहही होणार नाही. दुसरा उपाय पुढच्या गाडीच्या हातात आहे. गाव संपल्यावर लीडने लगेच वेग वाढवायचा नाही. मिनिटभर ५०लाच राहायचं, आरशात आपल्या तुकडीची शेवटची गाडी गावाबाहेर आलेली दिसली की मग सावकाश वाढवायचं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पुढच्याने एवढं नीट केलं तर मागचे तिघं दिवसभर शांत चालवतात.

आता समृद्धीबद्दल. तुमच्यातल्या निम्म्यांची इच्छा मला समजते. नागपूरपासून आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ला शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला, आणि इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा पाहण्यासारखा आहे. पण कारसाठी वेगमर्यादा १२०ची आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणाही आहे. १२०ला तुमची मस्टँग आणि शेजारून जाणारी साधी सेडान यांच्यात चालवण्याचा आनंद म्हणून काही फरक उरत नाही, स्टिअरिंगला कामच नसतं. मग कंटाळलेले आठ जण मोकळ्या तीन लेन बघून काय करतात ते तुम्हालाही माहीत आहे. सरळ रस्त्यावर ग्रुपमध्ये तुलना सुरू होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली रस्त्यावर शर्यत लावली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय खासगी कारच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी हे वापर वगळलेले असतात. म्हणजे तिथे काही झालं तर कोटभर रुपयांच्या गाडीमागे विमा कंपनी उभी राहीलच असं नाही. आणि हे झालं फक्त गाडीचं. त्याच रस्त्यावर रात्रभर चालवून डोळे चुरचुरत असलेला एखादा ड्रायव्हर शिर्डीहून कुटुंब घेऊन येत असतो, त्याचा विचार आधी करायला हवा.

ज्यांना खरंच गाडीचा वेग अनुभवायचा आहे त्यांच्यासाठी जागा आहे, आणि तीही आपल्याच आग्रा रोडवर पुढे. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१पासून सुरू आहे. तिथे आधी बुकिंग करून, त्यांच्या नियमांनी, अॅम्ब्युलन्स हाताशी ठेवून गाडी चालवा. धुळे, सेंधवा करत एका दिवसात पोहोचता येतं. तुमच्यातल्या त्या चौघांना सांगा की ही सहल नीट पार पडली तर पुढच्या वर्षी तो बेत करू. माझा अनुभव असा की असं ठोस काही समोर ठेवलं की ‘समृद्धीवर एकदाच बघू’ हा हट्ट मावळतो.

सापुताऱ्याचा रस्ता मी पहिल्या सहलीसाठी निवडतो त्यामागे हिशेब आहे. नाशिकहून साधारण ८० किलोमीटर. म्हसरूळ ओलांडलं की दिंडोरी, मग वणी, उजव्या हाताला सप्तशृंगीचा डोंगर, पुढे हातगड आणि लगेच सापुतारा. आधी द्राक्षबागांमधला सपाट रस्ता, मग हळूहळू चढ, आणि शेवटी थोडासा घाट. नवख्याला गाडीची आणि ग्रुपची सवय व्हायला साठ किलोमीटर मिळतात आणि वळणं येतात तेव्हा तो तयार असतो. कसारा घाटात हे मिळत नाही, तिथे ट्रकांच्या रांगेत गुदमरायला होतं. पेठ रस्त्यावरचा सावळघाट सुंदर आहे, पण त्या बाजूला मोबाइलची रेंज जाते-येते आणि मदत यायला वेळ लागतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या सहलीसाठी ठेवा. सापुताऱ्याहून पलीकडे वघईकडे उतरणारा घाटही या वेळी नको. उतार तीव्र आहे, वळणं एकापाठोपाठ एक आहेत. फेब्रुवारी २०२५मध्ये त्र्यंबकेश्वराहून निघालेल्या यात्रेकरूंची बस त्याच बाजूला दरीत कोसळली आणि माणसं गेली. ज्या घाटात व्यावसायिक ड्रायव्हरच्या हातून असं होतं, तिथे पहिल्याच सहलीत ग्रुप घेऊन जायचं धाडस मी करत नाही.

दिवाळीनंतरचा मुहूर्त चांगला आहे, धुकं आणि निसरडं कमी झालेलं असतं. पण त्या दिवसांत या रस्त्यावर ऊस असतो. कादवा कारखान्याचा गळीत हंगाम त्याच सुमारास सुरू होतो आणि दिंडोरी-वणी पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या चालू लागतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. उसाचे शेंडे ट्रॉलीच्या मागे दोन-तीन फूट बाहेर आलेले असतात, आणि झेड फोरसारख्या बुटक्या गाडीत ते नेमके काचेच्या उंचीवर येतात. म्हणून परतीची वेळ माझ्या लेखी निघण्याच्या वेळेपेक्षा महत्त्वाची आहे. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं. रविवारी दुपारी दोनला सापुतारा सोडा. ‘सनसेट पॉइंट बघून निघू’ असं कोणी तरी म्हणेलच. सूर्यास्त शनिवारी बघा.

आणखी एक, बागांमधून आणि शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर येतात तिथे चाकांचा चिखल डांबरावर पसरलेला असतो. सकाळी दवाने तो ओला असतो. मस्टँग, केमन आणि झेड फोर या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आहेत. अशा चिखलावर वळणात अॅक्सिलरेटर दाबला तर गाडीचा मागचा भाग सटकतो. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं जागच्या जागी घसरू न देणारी यंत्रणा, दोन्ही दिवस चालू ठेवा, स्पोर्ट मोड लावला तरी.

सहलीच्या आधीच्या आठवड्यात दोघांनी साध्या गाडीतून हा रस्ता एकदा बघून या. नाशिक हे रॅलीचं गाव आहे. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ आपल्या आसपासच्या रस्त्यांवर झालेल्या आहेत आणि जुने रॅलीवाले अजून भेटतात. त्यांना विचारलं तर ते पहिलं रेकीबद्दलच, म्हणजे रस्ता आधी पाहून येण्याबद्दलच बोलतील. कुठे खड्डा, कुठे काम चालू, कुठे नवा गतिरोधक, हे लिहून काढा. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरातून बाहेर पडायचे रस्ते कुठे उकरलेले असतील ते आठवड्यागणिक बदलतं, त्यामुळे महिन्यापूर्वीची माहिती धरून चालू नका.

भेटण्याच्या जागा लिहून द्या आणि नावं तपासून घ्या. आपल्याकडे मुंबई रोडला एक गोंदे आहे आणि सिन्नरपुढे पुणे रोडला दुसरं. ‘गोंद्याला भेटू’ म्हटल्यावर निम्मी मंडळी एकीकडे आणि निम्मी दुसरीकडे जातात. तुमच्या रस्त्यावर ही अडचण नाही, पण तरी प्रत्येक थांब्याचं लोकेशन पाठवा आणि नकाशा आधीच डाऊनलोड करून ठेवायला सांगा. थांबे दिंडोरीच्या पुढे एक, वणीच्या पुढे एक आणि हातगडच्या पायथ्याशी एक. प्रत्येक थांब्यावर आठही गाड्या जमल्याशिवाय पहिली तुकडी हलायची नाही. आपल्यासाठी थांबणार आहेत हे ज्याला माहीत असतं तो पळत नाही. आणि जिथे जिथे वळायचं आहे तिथे प्रत्येकाने मागची गाडी दिसेपर्यंत कडेला थांबायचं. पुढच्याच्या मागे धावण्याऐवजी प्रत्येक जण मागच्याची जबाबदारी घेतो, आणि कोणी चुकत नाही.

क्रम असा लावा. लीडला ऑक्टाव्हिया आरएस. तिच्यातून आरसे चांगले दिसतात, चार दरवाज्यांची शांत गाडी आहे आणि तिच्या वेगाला पोलोसुद्धा सहज राहू शकते. लीडच्या लगेच मागे सगळ्यात कमी सराव असलेला माणूस, मग गाडी कोणतीही असो. लोकांना हे उलटं वाटतं, नवख्याला शेवटी ठेवतात. पण शेवटी ठेवलं की रांगेतली सगळी ओढाताण त्याच्या वाट्याला येते. पुढच्या गाडीमागे असला की त्याला वळणात ती कुठे ब्रेक लावते, कुठली बाजू धरते, ते दिसतं. प्रत्येक तुकडीच्या शेवटी मात्र तुमच्यातला सगळ्यात अनुभवी, डोकं थंड असलेला माणूस हवा. हवा भरायचा कॉम्प्रेसर, दोर, प्रथमोपचाराची पेटी त्याच्या गाडीत. तो शेवटचा आहे म्हणजे त्याच्या मागे आपलं कोणी नाही, एवढं सगळ्यांना माहीत असलं की हिशेब सोपा होतो. दुसऱ्या तुकडीचं नेतृत्व मी कूपरकडे देईन.

वॉकी-टॉकी घ्या. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरता येतात, फक्त घेताना मान्यताप्राप्त आहेत ना ते बघा. बोलायचं काम शेजारी बसलेल्याचं. आणि त्यावर काय बोलायचं याबद्दल मी फार कडक आहे. लीडने फक्त दिसतं ते सांगायचं: ‘समोर उसाचा ट्रॅक्टर’, ‘उजवीकडून दुचाकी’, ‘गतिरोधक, मोठा’. ‘ये, ये, मोकळं आहे’ हे शब्द कोणीही कधीही उच्चारायचे नाहीत. तुम्ही म्हणालात तेव्हा रस्ता मोकळा होता. मागचा बाहेर निघतो चार सेकंदांनी, आणि समोरून ८०ने येणारी गाडी तेवढ्या वेळात नव्वद मीटर जवळ आलेली असते. ओव्हरटेक ज्याचं त्याने, स्वतःच्या डोळ्यांनी बघून करायचं. दिसत नसेल तर ट्रॉलीमागे पाच किलोमीटर चालवायचं. पुढचे थांब्यावर थांबलेले आहेत.

दोन गाड्यांमधलं अंतर तीन सेकंदांच्या खाली आणू नका. ताशी ८०ला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. चांगल्या टायरांवर, कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक लावला तरी थांबायला तीसेक मीटर लागतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे बावीस वेगळे. शिवाय एवढी जागा ठेवली तर मागून आलेल्या एसटीला किंवा पिकअपला मध्ये शिरता येतं. चार गाड्या एकमेकींना चिकटून चालल्या की मागच्या माणसाला चारही एकदम ओलांडाव्या लागतात. त्याला तसं करायला लावणं हा आपला दोष असतो. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार अशा दुपदरी रस्त्यावर कारसाठी कमाल मर्यादा ७० आहे. तुमचा दिवस त्याच्या आतच आखा. वळणावळणाच्या रस्त्यावर ६०ला केमनचं स्टिअरिंग जे सांगतं ते समृद्धीवर १२०ला सांगत नाही.

गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. तसा असेल तर केमनसुद्धा सावकाश पार होते. गावातले बहुतेक गतिरोधक अरुंद आणि उभट असतात, आणि त्यांवर रंग नसतो. पार करायची पद्धत अशी. गाडी जवळजवळ थांबवा, मागे कोणी नाही बघा, मग शक्य तितकी तिरकी करून एकच पुढचं चाक चढवा. ब्रेकवर पाय ठेवून चढू नका, ब्रेकमुळे गाडीचं नाक खाली जातं आणि तेच नेमकं घासतं. चाक माथ्यावर आलं की क्षणभर थांबल्यासारखं करा, दुसरं चाक चढू द्या, आणि मग मधला पट्टा जाताना कान द्या. बारीक खर्र असा आवाज म्हणजे पुढच्या बंपरखालचं रबर किंवा प्लास्टिक लागलं, ते झिजतंच. जड, धातूचा आवाज आला तर तिथेच थांबा. आता मागे-पुढे करण्याआधी शेजारच्याला उतरवा, वजन कमी झालं की गाडी थोडी उचलते. केमनला नाक उचलायची सोय असेल तर बटण आधीच दाबा, वर यायला तिला काही सेकंद लागतात. हे सगळं होईपर्यंत मागच्या गाडीने धोक्याचे दिवे लावून थोडं मागे उभं राहायचं, म्हणजे मागून येणारी दुचाकी आपोआप सावध होते. तिरकं व्हायला समोरचा रस्ता रिकामा लागतो, घाई करू नका. हॉटेल ठरवताना फोन करून पार्किंगच्या उताराचा फोटो मागवा. दिवसभर सांभाळलेला बंपर संध्याकाळी हॉटेलच्या दारात फुटतो, हे फार वेळा पाहिलंय.

घाटात उतरताना ब्रेकची काळजी जड गाडीला जास्त. मस्टँग पावणेदोन टनांच्या आसपास, पोलो सव्वा टनाच्या आत. पण पोलोला मागे ड्रम ब्रेक आहेत, ते तापले की थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून पोलोवाल्यांनीही गाफील राहू नये. उतारावर गिअर खालचा घ्या, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर टाकून दुसरा-तिसरा धरा आणि इंजिनाला गाडी रोखू द्या. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. वळणाआधी नीट दाबा, वेग उतरवा, सोडा. जळका वास येऊ लागला किंवा पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं तर पहिल्या रुंद जागी बाजूला घ्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते किंवा तडकते. हँडब्रेकही ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा.

पेडल मऊ पडण्याचं एक कारण ब्रेक ऑइलमध्ये दडलेलं असतं. डॉट ४ प्रतीचं नवं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हे तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि पुरेसं पाणी मुरलं की उकळायची मर्यादा १५५च्या आसपास येते. नाशिकचे दोन पावसाळे गॅरेजमध्ये काढलेल्या, महिन्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीत हेच होतं. ‘गाडी फक्त चार हजार चाललीय’ याला इथे काही अर्थ नाही. दोन वर्षं झाली असतील तर सहलीआधी तेल बदला.

टायरांचंही तसंच. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा कोड असतो, ‘२३२०’ म्हणजे २०२०च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर दिसली तरी पाच-सहा वर्षं झालेल्या टायरचं रबर कडक झालेलं असतं, त्याला तज्ज्ञाच्या नजरेखालून घाला. हवा सकाळी थंड टायरात मोजा, दरवाज्याच्या खांबावर लिहिलेली असते तेवढी ठेवा. चालून तापलेल्या टायरात आकडा तीन-चार पीएसआय जास्त दिसतो, तो बघून हवा सोडू नका.

यातल्या बऱ्याच गाड्यांना स्टेपनी नसते. रन-फ्लॅट टायर असतील तर पंक्चर झाल्यावर सर्वसाधारणपणे ८०च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं, म्हणजे नाशिक गाठता येईल. नुसता सीलंटचा डबा असेल तर तो भिंत फाटलेल्या टायरला उपयोगाचा नाही. वणीच्या पंक्चरवाल्याकडे पातळ भिंतीचा एकोणीस इंची टायर रिमवरून काढायचं यंत्र असेल हे गृहीत धरू नका. प्लग किट आणि कॉम्प्रेसर ठेवा. आणि निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येकाने दोन वस्तू हातात घेऊन फोटो पाठवायचा: चाकाच्या लॉक नटची चावी आणि टो करायचा हुक. सेकंडहँड घेतलेल्या गाड्यांत या दोन वस्तू हमखास गायब असतात, आणि ते कळतं रस्त्याच्या कडेला. गाडी न्यायची वेळ आलीच तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रकच मागवा. साध्या क्रेनने पुढून उचललेल्या बुटक्या गाडीचा बंपर वाचत नाही.

पेट्रोल नाशिकमध्येच पूर्ण भरा. टाकीच्या झाकणाच्या आत किंवा माहितीपुस्तिकेत किती ऑक्टेन आणि किती इथेनॉल चालतं ते लिहिलेलं असतं. जुन्या आयात गाड्यांवर बहुधा ई१०पर्यंतच (दहा टक्के इथेनॉल) लिहिलेलं आढळतं आणि पंपावर आता ई२० (वीस टक्के) मिळतं. दोन दिवसांच्या सहलीने इंजिन बिघडणार नाही, पण परत आल्यावर तेच पेट्रोल टाकीत ठेवून गाडी तीन महिने झाकून ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं, आणि जुने रबरी पाइप त्याने खराब होऊ शकतात.

सापुतारा डांग जिल्ह्यात आहे, म्हणजे गुजरातेत, आणि तिथे दारूबंदी आहे. पुण्या-मुंबईचा कोणी मित्र ऐन वेळी जोडला गेला आणि गंगापूर रोडच्या वायनरीतून दोन बाटल्या घेऊन डिकीत ठेवल्या, तर सीमेवर ती तपासणी सगळ्या ग्रुपला भोगावी लागते. निघण्याआधी सगळ्यांना स्पष्ट सांगा. आपल्या हद्दीतही रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की कलम १८५ लागतं. रात्री उशिरापर्यंत बसलेला माणूस सकाळी सातला त्या मर्यादेत असेलच असं नाही. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन डिजीलॉकरमध्ये चालतं, पण रेंजचा भरवसा नाही, म्हणून छापील प्रती सोबत ठेवा. आणीबाणीला ११२, आणि महाराष्ट्रात अॅम्ब्युलन्ससाठी १०८.

घरच्या मंडळींबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. शेजारी बसलेल्या माणसाला ‘हळू घे’ म्हणायचा अधिकार द्या, आणि तो सगळ्यांसमोर, निघण्याआधी द्या. बायको किंवा वडील बाजूला बसून दांडी घट्ट धरतात आणि ग्रुपसमोर बोलायला नको म्हणून गप्प राहतात, असं होऊ देऊ नका. मुलांना मागच्या अरुंद सीटवर घाटात मळमळतं. निघताना जबरदस्त तर्रीची मिसळ नको, घरून पोहे किंवा ठेपले घ्या, मिसळ परत आल्यावर. आणि ज्या बाई स्वतः चालवतात त्यांना एक टप्पा चालवू द्या, थांब्यावर अदलाबदल करायला वेळ असतोच.

गावांतून जाताना आवाज वाढवणारा एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद. वणीत कोणाच्या घरी आजारी माणूस असेल, गोठ्यातली जनावरं बिथरतात. तुमच्या गाड्या थांबल्या की पोरं जमतील, हात लावतील, फोटो मागतील. दोन मिनिटं द्या, एखाद्याला आत बसवा. त्या पोरांना ते वर्षभर लक्षात राहतं आणि पुढच्या वेळी त्याच गावात कोणी गाडीवर दगड मारत नाही. गावाबाहेर एखादा दुचाकीवाला शेजारी येऊन गाडी रेटायला लागला तर वेग कमी करून त्याला पुढे जाऊ द्या. तो कोणाचा तरी मुलगा आहे आणि बहुधा हेल्मेटशिवाय आहे. सप्तशृंगीला पायी जाणारे लोक या रस्त्याच्या कडेने वर्षभर दिसतात, चैत्रात तर खानदेशातून रांगा लागतात. त्यांच्याजवळून जाताना ३०च्या खाली या आणि हॉर्न वाजवू नका.

फोटो आणि व्हिडिओ थांब्यांवरच. चालती गाडी चालत्या गाडीतून टिपायची असेल तर मागच्या सीटवर बसलेल्याने टिपावी. वळणावर गाडी उभी करून फोटो काढणाऱ्याला मी पुढच्या सहलीला बोलावत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

वेळापत्रक एवढंच: शनिवारी पावणेसातला पहिली तुकडी, सातला दुसरी, साडेनऊ-दहाला सापुतारा. रविवारी दोनला परत. मधले तास मोकळे ठेवा, हातगडाच्या पायथ्याशी गाड्या लावून गप्पा मारायला हे लोक एरवी कधी एकत्र येतात? घरी पोहोचल्यावर प्रत्येकाने ग्रुपवर ‘पोहोचलो’ लिहायचं, आणि शेवटच्या गाडीवाल्याने आठ जणांचे आठ निरोप मोजून मगच झोपायचं. सोमवारी गाडी धुताना टायरांच्या आतल्या बाजूच्या भिंती हाताने चाचपून बघा. खड्ड्यात बसलेला मार बाहेरून दिसत नाही, आत फुगवटा येतो. फुगवटा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. हे सगळं जमलं तर फेब्रुवारीत घोटीमार्गे भंडारदऱ्याचा बेत करा. तेव्हा ऊस कमी झालेला असतो, आणि पावसाळ्यात पडलेले खड्डे तोवर बुजवलेले असायची शक्यता जास्त.